शेपूट नसलेली माफी

आर्डिस क्वामे खोटं बोलायची नाही आणि त्याचा आम्हा शेजाऱ्यांना भारी ताप होता. केस कापून आलात आणि हौसेनं तिला विचारलंत, ‘कसे दिसतात गं?’, तर ती दोन पावलं मागं सरकायची, मान वाकडी करून नीट बघायची आणि म्हणायची, ‘मागून बरे आहेत.’ घ्या! मग बसा आठवडाभर टोपी घालून. मी तिच्या समोरच्या घरात उभी हयात काढली. तिच्याकडची कॉफी प्यायले, तिच्यावर चिडले, तिच्याशी अबोले धरले. पण ती बोलली ते खरं की खोटं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. एवढं एक सुख होतं.

तिचा नवरा हार्लन. गावच्या चीजच्या कारखान्यात मुकादम होता. साखरेच्या आजारानं त्याचे डोळे गेले. काही महिने नुसता खुर्चीत बसून राहिला, आणि मग एक दिवस उठून भिंती चाचपत त्यानं स्वतःचं घर पाठ करायला घेतलं. कुठली फळी करकरते, शेगडीची ऊब कुठवर लागते, तळघरात घेवड्याच्या बरण्या कुठे आणि बीटच्या कुठे, सगळं. नवख्या माणसाला कळायचंही नाही इतका तो त्या घरात सराईत झाला. दाराबाहेर मात्र त्याची पंचाईत व्हायची. म्हणून आर्डिसनं पुढच्या पायऱ्यांपासून रस्त्याकडेच्या पत्रपेटीपर्यंत दोर बांधून दिला होता. रोज सकाळी तो दोर धरून जायचा आणि पत्रं आणायचा. दिवसभरात त्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काम. ‘मला या घरातून हलवलंत तर मी दुसऱ्यांदा आंधळा होईन,’ असं तो म्हणायचा. हसत म्हणायचा, पण ती थट्टा नव्हती.

शेजारी राहायचा डेल्मर. माणूस वाईट नव्हता. आडमुठा होता. त्या हिवाळ्यात त्यानं बर्फ उडवायचं नवं मशीन आणलं आणि पोराला खेळणं मिळावं तसा तो सकाळ झाली की ते घेऊन बाहेर. मशीनचं तोंड नेमकं क्वामेंच्या अंगणाकडे. उडवलेला सगळा बर्फ हार्लनच्या दोराखालच्या वाटेवर. एकदा हार्लन त्यात पाय अडकून पडला, कोपर हे एवढं सुजलं. आर्डिस डेल्मरला सांगून आली. तो म्हणाला, ‘बरं, बरं.’ दुसऱ्या बर्फाला पुन्हा तेच. ती पुन्हा सांगून आली. पुन्हा ‘बरं, बरं.’

जानेवारीतली सकाळ होती. मी माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते, विस्कॉन्सिनमध्ये आम्हा सगळ्यांची सकाळ अशीच जाते. आर्डिस कोटसुद्धा न घालता तरातरा डेल्मरकडे जाताना दिसली. म्हटलं, आज त्याचं काही खरं नाही. मी पुन्हा काचेकडे वळले. मान वर केली तेव्हा डेल्मर आडवा होता. मशीन जागच्या जागी घरघरत आकाशात बर्फ उडवत होतं, आणि आर्डिस दोन्ही हात पुढे धरून तशीच उभी.

मी धावले. डेल्मर त्याच्या बोटीच्या ट्रेलरच्या लोखंडी आकड्यावर पाठीवर पडला होता.

‘मर्ना,’ तो मला म्हणाला, ‘माझे पाय कुठायत?’

पाय तिथेच होते. चांगले बूट घातलेले.

‘अँब्युलन्स बोलाव,’ आर्डिस म्हणाली. ‘मी ढकललं त्याला.’

‘तू आधी तोंड मिट!’ मी ओरडले.

झालं होतं ते असं. तिनं तिसऱ्यांदा सांगितल्यावर डेल्मर म्हणाला, ‘आंधळ्याला पत्रं कशाला हवीत? वाचणारे का तो?’ आणि तिनं त्याच्या छातीवर दोन्ही तळवे टेकून त्याला ढकललं. खाली काचेसारखा बर्फ. डेल्मरचा कणा गेला. तो पुन्हा चालला नाही.

शेरीफचा माणूस दवाखान्यात जाऊन डेल्मरला विचारून आला. डेल्मर म्हणाला, ‘बोलाचाली झाली, पाय घसरला.’ बाईच्या धक्क्यानं पडलो हे तो मेला तरी सांगणार नव्हता. त्यामुळे पोलिसांचं प्रकरण तिथेच मिटलं. मला वाटलं, सुटलो. मी विम्याच्या कचेरीत काम करणारी बाई, आणि मला वाटलं, सुटलो! काय म्हणावं मला.

आता आमच्या चर्चची एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ त्या रीतीनं घातला. आमच्या आधीच्या पिढीत पास्टर ओव्हरगार्ड म्हणून एक कडक म्हातारा होता. त्यानं गावाला शिकवून ठेवलं होतं की माफी मागायची तर शेपूट नको. ‘चुकून झालं’, ‘माझा तसा हेतू नव्हता’, ‘पण तूसुद्धा’ ही सगळी शेपटं. शेपूट आलं की ती माफी नाही, ती सुटायची धडपड. म्हातारा केव्हाच वारला, रीत मात्र राहिली. कोणाचं काही वाकडं केलंत की काहीतरी भाजून, भांडं झाकून त्यांच्या दारात न्यायचं आणि म्हणायचं, ‘मी केलं. मुद्दाम केलं. मला माफ कर.’ खरंच मुद्दाम केलंय का, हे कोणी विचारत नाही. डेल्मरच्या बायकोनं, लुएलानं, एकदा गाडी मागे घेताना माझी मांजर चिरडली होती. संध्याकाळी सफरचंदाचा केक घेऊन आली आणि रडत म्हणाली, ‘मर्ना, मी तुझी मांजर मुद्दाम मारली.’ मी केक घेतला. आम्ही दोघींनी बसून खाल्लासुद्धा.

तर आर्डिस त्याच आठवड्यात दवाखान्यात गेली. खिमा भरून, वरून बटाटे लावून भाजलेली, टॉवेलात गुंडाळलेली हॉटडिश घेऊन. लुएला, डेल्मरची बहीण आणि एक नर्स, सगळ्यांसमोर म्हणाली, ‘मी डेल्मरला मुद्दाम ढकललं. त्याला लागावं म्हणून ढकललं. मला माफ करा.’ लुएलानं तिला मिठी मारली, डिश घेतली. रीतीप्रमाणे सगळं यथासांग झालं.

मी रॉसच्या विमा-कचेरीत काउंटरवर बसायचे. गावातल्या निम्म्या घरांचे विमे माझ्या हातून गेलेत, क्वामेंचाही. घराच्या विम्यात आग, वादळ तर असतंच, पण त्यात आणखी एक गोष्ट असते. तुमच्या हातून दुसऱ्या कोणाला इजा झाली आणि त्यानं दावा लावला, तर कंपनी तुमच्या वतीनं भरते. तुमचा कुत्रा चावला, तुमच्या पायरीवर कोणी घसरलं, कंपनी भरते. पण जाणूनबुजून केलेल्या इजेचे पैसे कंपनी देत नाही. ते कलम मी प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि प्रत्येक जण जांभई देऊन सही करायचा. हार्लननं तर विचारलं होतं, ‘मर्ना, आम्ही काय आता या वयात मारामाऱ्या करणार?’

डेल्मरच्या वकिलानं दावा लावला. लावणारच. जन्मभराचं औषधपाणी, चाकाची खुर्ची, हातापायाला माणूस. त्या दिवशी रॉस सहज म्हणाला, ‘कंपनीचा माणूस आज क्वामेंकडे जबाब घ्यायला गेलाय.’

मी कोट अर्धा अंगात, अर्धा बाहेर अशी निघाले. गाडी चालवताना एकच घोकत होते, देवा, आज तरी तिला खोकला होऊ दे, घसा बसू दे, काहीही होऊ दे. स्वयंपाकघरात शिरले तर एक गोजिरा तरुण साहेब टेबलाशी बसून लोणी-साखर लावलेला लेफ्सा, आमच्याकडची बटाट्याची पोळी, खात होता. मध्ये टेप चालू.

‘म्हणजे तुम्ही जाणूनबुजून ढकललंत?’ त्यानं तोंड पुसत विचारलं.

‘हो, मुद्दाम,’ आर्डिस म्हणाली. ‘आणखी एक घ्या ना. बटाटा आमच्याच बागेतला आहे.’

मी दारातच उभी राहिले. टेपची चाकं फिरत होती आणि ती बया त्याला बशी पुढे करत होती.

तो गेल्यावर मी तिला फाडून खाल्लं. ‘अगं, तुला कळतंय का तू काय केलंस? कंपनी आता एक पैसा देणार नाही! दावा तुझ्या अंगावर येणार. घरावर टाच येणार. हे घर विकून डेल्मरला पैसे द्यावे लागतील!’

‘पण मी माफी मागितली ती काय शेपूट लावून मागू?’ तिनं विचारलं.

‘तो पास्टर होता का, आर्डिस? विम्याचा माणूस होता तो! त्याच्याकडे कसली माफी मागतेस?’

‘त्यानं विचारलं तेच, जे मी दवाखान्यात सांगितलं होतं. इथे एक सांगायचं आणि तिथे एक?’

आतल्या खोलीतून हार्लनचा आवाज आला. ‘मर्ना, घर विकावं लागेल असं म्हणालीस का तू?’ मी कशाला इतक्या मोठ्यानं ओरडले कोण जाणे.

थोड्याच दिवसांत कंपनीनं कळवलं की प्रकार जाणूनबुजून केलेला आहे, आम्ही बांधील नाही, न्यायाधीशांनीच ठरवावं. म्हणजे डेल्मरच्या दाव्याआधी कोर्टात एवढंच ठरणार होतं, आर्डिसला त्याला इजा करायची होती की नाही. तिच्या मनात त्या क्षणी काय होतं यावर ते घर उभं राहणार, नाही तर जाणार. मला विचाराल तर यापेक्षा भयंकर गोष्ट मी ऐकलेली नाही. आपल्या मनात कुठल्या क्षणी काय होतं, हे कोणाला धडपणे सांगता येतं?

त्या घरात भीती राहायला आली. दारासमोर गाडी हळू झाली तरी हार्लन मान वर करायचा. ‘कोण आहे? कंपनीची माणसं आहेत का?’ बर्फ साफ करणारी सरकारी गाडी असायची. सगळ्यात वाईट म्हणजे तो पुन्हा भिंती चाचपायला लागला. वर्षानुवर्षं ज्या घरात हात न लावता फिरला, तिथे दाराची चौकट, कपाटाचा कोपरा, खुर्चीची पाठ, सगळ्याला हात लावत चालायचा. एकदा तर न्हाणीघराऐवजी कोठीत गेला आणि तिथेच उभा राहून घाबऱ्या आवाजात ‘आर्डिस! आर्डिस!’ करत राहिला. मी तिथेच होते. आर्डिस धावली, त्याला हाताला धरून बाहेर आणलं आणि मग भांडी घासायला पाठ फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला कळेना की या दोघांना घेऊन मी कुठे जाऊ.

‘मर्ना,’ ती पाठमोरीच म्हणाली, ‘तुला सांगू का माझ्या मनात काय होतं ते?’

‘नको!’ मी जवळजवळ किंचाळलेच. ‘मला काही सांगू नकोस. मला साक्षीला बोलावणार आहेत.’

तिनं वकील केला, जिल्ह्याच्या गावचा मिस्टर प्रीबे. टक्कल पडलेला, सतत शिंकणारा. तो म्हणाला, ‘मिसेस क्वामे, मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही. सांगूही शकत नाही. ढकललंत हे कोणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच, की त्याला लागावं अशी तुमची इच्छा होती का? त्यानं बाजूला व्हावं एवढंच मनात असेल, तर कंपनीला भरावं लागेल. तुम्हाला नक्की आठवतंय का? शांतपणे विचार करा.’ आणि शिंकला.

‘मला शांतपणे विचार करायची गरज नाही,’ आर्डिस म्हणाली. प्रीबेनं घाईघाईनं फाईल मिटली. वकिलालासुद्धा ऐकायचं नव्हतं.

खटल्याच्या आदल्या रविवारी चर्च सुटल्यावर लुएला क्वामेंच्या दारात आली. मी तिथेच कॉफी घेत होते. लुएलाच्या हातात आर्डिसची ती हॉटडिशची डिश होती, घासूनपुसून लख्ख केलेली. तिनं ती टेबलावर आपटली.

‘ही घे तुझी डिश. मी माफी परत करतेय.’

‘माफी परत कशी करतात?’ आर्डिसनं विचारलं.

‘मला माहीत नाही कशी करतात! तू मागितलीस ती मी दिली नव्हती, असं समज. तू मुद्दाम केलंस असं कोर्टात म्हणालीस तर आम्हाला काय मिळणार माहितेय? शून्य. तुझं घर विकून काय येणार? डेल्मरची खुर्चीसुद्धा नीट येणार नाही. पैसा कंपनीकडे आहे आणि कंपनी देईल तो फक्त चुकून झालेल्याचा. आमचा वकील मला रोज बजावतो, लुएला, हा अपघात होता, अपघात म्हण. माझ्या नवऱ्याचे पाय गेले आर्डिस, आणि मला जगाला सांगायचंय की तुझा काही दोष नव्हता! मला, मला सांगावं लागतंय हे!’

ती हुंदके देऊ लागली. आर्डिस तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, तर तिनं झटकला.

‘मला हात लावू नकोस. फक्त खोटं बोल. एकदा. सगळं जग बोलतं. तुला कोणती मोठी धाड भरलीये?’

ती गेली. हार्लन इतका वेळ दाराआड उभा होता. चौकटीला घट्ट धरून पुढे आला. ‘ती बरोबर बोलतेय.’

‘हार्लन, तू तरी...’

‘मी तरी काय? कंपनीच्या माणसानं मला विचारलं तेव्हा मी काय सांगितलं? मी पायऱ्यांवरच उभा होतो ना त्या सकाळी? मी म्हणालो, मशीन चालू होतं, मला काही ऐकू आलं नाही. आता तू बोल.’ मग त्याचा आवाज बसला. ‘आर्डिस, मला दुसरं घर पाठ होणार नाही गं. माझ्यात तेवढा दम राहिला नाही. मला भीती वाटते. माझ्यासाठी एवढं कर.’

आर्डिसनं ती लख्ख डिश उचलली आणि कपाटात ठेवली. मी कपातली थंड कॉफी पिऊन टाकली आणि घरी पळाले. खरंच पळाले.

कोर्टात गाव लोटलं होतं. डेल्मरला चाकाच्या खुर्चीतून आणलं. त्याच्या मांडीवर चौकटीची शाल होती आणि खाली ते स्वच्छ बूट. त्यानं शपथेवर सांगितलं, ‘अपघात होता.’ आर्डिसकडे बघितलं नाही. लुएलानं सांगितलं, ‘अपघात होता. दवाखान्यात ती मुद्दाम म्हणाली ते आमच्याकडे तसंच म्हणतात.’ मग मी. मी मांजरीची गोष्ट सांगितली. कंपनीची वकील एक नाजूक आवाजाची बाई होती. तिनं विचारलं, ‘त्या मांजरीचा विमा होता का?’ लोक हसले. मीही हसले असते, पण तिच्यासमोर ठेवलेली ती टेप मला दिसत होती.

मग टेप लावली. सगळ्या कोर्टानं आर्डिसचा आवाज ऐकला. हो, मुद्दाम. आणखी एक घ्या ना. आता कोणी हसलं नाही. न्यायाधीश काहीतरी लिहून घेत होते. माझ्या शेजारी हार्लन बसला होता. त्यानं माझं मनगट इतकं आवळलं की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. मान किंचित तिरकी करून तो कान लावून बसला होता.

आर्डिस साक्षीला उभी राहिली. निळा रविवारचा झगा, केस मागून बरे. कंपनीच्या बाईनं हळू आवाजात विचारलं, ‘मिसेस क्वामे, तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोलल्या आहात का?’

‘नाही.’

‘मग या टेपमध्ये तुम्ही बोलताय ते खोटं आहे का?’

प्रीबे उठला, काहीतरी हरकत घेतली, शिंकला. न्यायाधीश म्हणाले, उत्तर द्या.

‘ती माफी होती,’ आर्डिस म्हणाली. ‘आमच्याकडे माफी तशीच मागतात.’

‘ठीक. मग आता माफी बाजूला ठेवू. तुम्ही दोन्ही हात त्यांच्या छातीवर ठेवलेत. त्या क्षणी त्यांना लागावं अशी तुमची इच्छा होती का?’

मला वाटलं, बोलली ही आता. हो म्हणाली. घर गेलं, डेल्मरची खुर्ची गेली, सगळं गेलं. तिनं कोर्टभर नजर फिरवली, ती हार्लनवर येऊन थांबली. त्याला ते कळणार नव्हतं.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘तो वाटेतून बाजूला व्हावा, एवढंच माझ्या मनात होतं.’

अगदी सरळ, रोजच्या आवाजात. मागून बरे आहेत म्हणायची त्याच आवाजात. न्यायाधीशांनी तिच्याकडे बघून मान हलवली आणि मला तिथल्या तिथे कळलं की जिंकलो. या बाईवर कोणीही विश्वास ठेवला असता. मी ठेवला. मला वाटलं, अगं वेडे, खरंच तसं होतं तर आधी का नाही बोललीस?

निकाल लागला. कंपनीनं भरलं. डेल्मरच्या दारात लाकडी उतार बांधला, दिवसा माणूस यायला लागला. लुएला चर्चमध्ये आर्डिसशेजारी बसायला लागली. हॉटडिशच्या डिशी पुन्हा इकडून तिकडे फिरू लागल्या. मी रोज सकाळी समोरचं घर बघून मनाशी म्हणायचे, राहिलं बाई.

बर्फ पूर्ण वितळल्यावर एका सकाळी मी त्यांच्याकडे गेले. हार्लन पुढच्या दारात उभा. बाहेर ऊन, वाट मोकळी, पत्रवाल्याची गाडी येऊन गेलेली. तरी तो पायऱ्या उतरेना.

‘जात नाहीस?’ मी विचारलं.

‘आर्डिस मागे कपडे वाळत घालतेय का?’ त्यानं हळूच विचारलं. मी हो म्हटलं. ‘मर्ना, मला त्या दिवशी ऐकू आलं होतं.’

‘काय?’

‘मशीन चालू होतं तरी. डोळे गेल्यापासून मला सगळं ऐकू येतं. ढकलायच्या आधी ती त्याला म्हणाली, “आता तू पडून बघ.” ओरडून नाही. मला पायरी आहे म्हणून सांगते ना, तशी.’

मी पायरीवर बसले.

‘म्हणून तर मी काही ऐकलं नाही असं सांगितलं,’ तो म्हणाला. ‘आणि तिला म्हटलं, तूही बोल. मीच म्हटलं. तिचा काय दोष? पण कोर्टात मी कान देऊन बसलो होतो, मर्ना. मला वाटलं होतं, खोटं बोलताना हिचा आवाज बदलेल. थोडा तरी. कोणाला नाही कळलं तरी मला कळेल. इतकी वर्षं मी त्या आवाजावर चालतोय.’ त्यानं ओठ चाटले. ‘बदलला नाही गं. जरासुद्धा नाही.’

‘अरे, ती तुझ्यासाठी बोलली!’

‘माहितेय मला. ते काय मला माहीत नाही? मी रोज स्वतःला तेच सांगतो. पण ती म्हणते पाऊल टाक, आणि माझं पाऊल उचलत नाही. भीती वाटते. लाज वाटते आणि भीती वाटते.’

तेवढ्यात आर्डिस घराच्या बाजूनं आली. हात ओले, कडेवर रिकामी टोपली. हार्लनला दारात बघून तिचा चेहरा उजळला.

‘जातोस का पत्रांना? जा की. वाट कोरडी आहे सगळी.’

वाट कोरडी होती. मला दिसत होती. उन्हात दगडसुद्धा तापले होते. हार्लननं दोर धरला आणि तसाच थांबला. मग त्यानं मान माझ्याकडे वळवली.

‘मर्ना,’ त्यानं विचारलं, ‘कोरडी आहे का?’

मी आर्डिसकडे बघू शकले नाही. ‘आहे,’ मी म्हटलं. तेव्हा कुठे त्यानं पाय खाली टाकला.